एमजीबीच्या रोस्टाइल चाकांना नक्की कुठलं फिनिश? ग्लॉस, सॅटिन की मॅट

दोनसीटर

मंडळी, १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, बॉडीचं काम उरकलंय आणि आता चाकांवर येऊन गाडी अडलीये. रोस्टाइल आहेत, म्हणजे ती दाबलेल्या पत्र्याची स्टीलची, अंग सिल्व्हर आणि मधले खोलगट कप्पे काळे. आधीच्या मालकानं कधीतरी अख्ख्या चाकावर चकचकीत सिल्व्हर स्प्रे मारून ठेवलाय, कप्प्यांवर, नटांवर, व्हॉल्व्हवर सुद्धा, त्यामुळे मूळ फिनिश काय होतं ते वरून कळायला काही मार्ग नाही. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, एक म्हणतो काळा एकदम मॅट हवा, दुसरा म्हणतो सॅटिन, म्हणजे मधली चमक, तिसरा म्हणतो कशाला डोकं खातोस सगळं पावडर कोट (पूड फवारून भट्टीत भाजलेला रंग) करून टाक.

मला विचारायचंय ते असं की सिल्व्हर नक्की किती चमकायला हवं, काळ्याची चमक किती, वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा की नाही आणि पावडर कोटिंग केलं तर ते चुकीचं दिसेल का. गाडी स्पर्धेत वगैरे नेणार नाहीये, चालवायला आहे, पण जाणकार माणसानं चाकाकडे बघून तोंड वाकडं करू नये एवढी इच्छा आहे.

प्रायमर_काका

आधी कुठलाही डबा विकत घेऊ नका. तुमचं उत्तर डिकीत पडलंय. जीटीमध्ये स्टेपनी डिकीच्या फ्लोअरखाली आडवी असते, तिला ऊन नाही, ब्रेकची धूळ नाही, आणि बहुतेक मालक चार चाकांना स्प्रे मारतात आणि पाचव्याच्या वेळी कंटाळतात. ती काढून उलटसुलट बघा. तिच्यावरही कोणी हात मारला असेल तर मधली टोपी काढून तिच्याखाली बघा, टायर काढल्यावर रिमच्या आत बघा, मागच्या बाजूला बघा. मात्र मागच्या बाजूवरून फक्त सिल्व्हरची छटा घ्या, काळ्याबद्दल ती काही सांगणार नाही.

आता वरचा स्प्रे कसा काढायचा. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला इनॅमल असतो, तो थिनरला सहसा दाद देत नाही, आणि घरगुती स्प्रेच्या डब्यातला रंग मात्र थिनरनं विरघळतो. म्हणून फडक्यावर थोडा थिनर घेऊन कोपऱ्यातला छोटा भाग सावकाश पुसा, थांबा, बघा, परत पुसा. नशीब असेल तर वरचा थर निघून खाली मूळ रंग तसाच्या तसा मिळतो. वरचा रंग हार्डनरवाला असेल तर तो असा निघणार नाही, मग बारीक पॉलिश पेपर पाणी लावून एकाच जागी गोल फिरवायचा, झाडाच्या खोडात दिसतात तशी थरांची वलयं दिसायला लागतात, प्रायमर, मूळ सिल्व्हर, नंतरचं सिल्व्हर, सगळा इतिहास. ग्लव्हज घाला आणि कोरडं घासू नका, जुन्या प्रायमरमध्ये शिसं किंवा क्रोमेट असू शकतं, ती धूळ छातीत जाता कामा नये.

आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा, लोक शेड जुळवण्यात सगळा जीव काढतात आणि चमकेकडे बघतच नाहीत. चाक दहा फुटांवरून चुकीचं दिसतं ते बहुतेक वेळा चमकेमुळे दिसतं. सिल्व्हर थोडं उजळ की गडद हे फार थोड्यांना कळतं, पण ओलं दिसणारं सिल्व्हर मूळ फिनिशच्या शेजारी ठेवलं की कुणालाही कळतं.

स्पोकवाला

काकांशी सहमत. माझी स्पोकची चाकं आहेत त्यामुळे थेट रोस्टाइलचं बोलत नाही, पण एक गैरसमज सगळीकडे दिसतो म्हणून लिहितो. लोकांना वाटतं जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटली की चाकं क्रोमचीच. तसं नव्हतं हो. एमजी काय, ऑस्टिन-हीली काय, अगदी १९६१ ची जॅग्वार ई-टाइप काय, स्पोकची चाकं साधारणपणे सिल्व्हर रंगवलेली यायची आणि क्रोम हा जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय होता. आज रिस्टोअर केलेल्या गाड्यांत क्रोम जास्त दिसतं म्हणून ते मूळचं वाटतं एवढंच.

पावडर कोटिंगबद्दल म्हणाल तर स्पोकच्या चाकांवर मी ते कधीच करणार नाही. पावडरचा थर जाड बसतो, निपलच्या (स्पोक आवळायच्या छोट्या नटांच्या) फटी भरून जातात आणि नंतर स्पोक ताणायचा म्हटलं की पाना लावला की कोटिंग तडकतं, तडकलं की पाणी आत शिरतं आणि वरून सगळं छान दिसत असताना आतून गंज धरतो. आणि हबच्या आतल्या दातांवर रंग अजिबात नको, तिथे फक्त ग्रीस. तुमच्या चाकांना हे लागू नाही पण कोणी नंतर वाचेल म्हणून.

दोनसीटर

काका, स्टेपनी काढली. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, तिच्यावर वरून स्प्रे नाहीये! टायर जुनाट आहे, चाकाला एका बाजूला गंज आहे, पण कप्पे शाबूत आहेत. सिल्व्हर अगदी बारीक दाण्याचं आहे, चकाकी अशी नाही, राखाडीकडे झुकणारं. काळा मॅट म्हणवत नाही, तिरकं धरलं तर खिडकीचा उजेड धूसर दिसतो, पण आपला चेहरा दिसत नाही. याला सॅटिन म्हणायचं का? आणि पन्नास वर्षांत चमक मेली असेल तर मूळ जास्त चकचकीत होता असंही असेल ना?

नटबोल्ट_ताई

तिरकं धरून बघितलंत हे बरोबर केलंत, पेंटच्या दुकानात याच गोष्टीला मशिनवर मोजतात. ग्लॉस मीटर ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून परत किती आला ते आकड्यात सांगतो. पूर्ण ग्लॉस रंग ८५ च्या वर जातो, सॅटिन ढोबळमानानं २५ ते ४० मध्ये कुठेतरी, मॅट १० च्या खाली. कंपनीनुसार ही नावं पुढेमागे सरकतात, एकाचं सॅटिन दुसऱ्याचं सेमी-ग्लॉस असतं, म्हणून डब्यावरच्या शब्दावर जाऊ नका, डेटाशीटमधला आकडा विचारा. खिडकी धूसर दिसते म्हणजे सॅटिनच.

जुनं झाल्यामुळे चमक मेली का हे बघायचं असेल तर मधल्या टोपीखालची कड आणि उघडा भाग शेजारी शेजारी बघा. झाकलेला भाग जास्त चमकत असेल तर तो तुमचा नमुना. माझा अंदाज सिल्व्हरमध्ये फरक जास्त दिसेल, काळ्यात कमी, कारण सिल्व्हरमधले ॲल्युमिनियमचे कण वरच्या बाजूला उघडे असतात आणि ते हवेनं, साबणानं काळवंडतात.

आता दाणा. आजचं जे मेटॅलिक सिल्व्हर मिळतं त्यातले कण मोठे असतात, वरून क्लिअरचा जाड थर, त्यामुळे उन्हात ते लुकलुकतं. जुनं चाकाचं सिल्व्हर एकाच थरात काम संपवणारं होतं, बारीक कण, क्लिअर नाही. पेंट मिक्स करणाऱ्याकडे जाताना कोड शोधत बसू नका, सरळ स्टेपनी उचलून न्या आणि त्याला स्पष्ट सांगा की मला फाइन ॲल्युमिनियम हवंय, स्पार्कल नको, आणि नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून दाखव, कागदावर नको. तो तुकडा बाहेर उजेडात नेऊन चाकाशेजारी धरा, समोरून आणि तिरका दोन्ही. समोरून जुळतं आणि तिरकं धरल्यावर काळं पडतं असं मेटॅलिकमध्ये हमखास होतं.

पाचही चाकं एकाच दिवशी, एकाच उंचीवर, एकाच पद्धतीनं ठेवून मारा. मेटॅलिक ओलं मारलं की कण खाली बसतात आणि रंग गडद होतो, कोरडं मारलं की कण वरच राहतात आणि फिकट दिसतो, त्यामुळे दोन चाकं आज दोन पुढच्या आठवड्यात असं केलं तर एकाच डब्यातून दोन शेड निघतात. शेवटचा हात गन जरा लांब धरून हलका मारायचा म्हणजे ढग राहत नाहीत.

पाचपाकळ्या

मधेच शिरतो. माझी पोर्शे ९११ आहे, फुक्सची चाकं, आणि तिकडे चमकेचा हाच घोळ उलट दिशेनं होतो. ती चाकं फोर्ज्ड ॲल्युमिनियमची, १९६७ च्या ९११ एसबरोबर आली, आणि सुरुवातीच्या चाकांच्या पाकळ्या अॅनोडाइज्ड, म्हणजे धातूवरच विजेनं चढवलेला पातळ ऑक्साइडचा थर, शांत रुपेरी दिसणारा, आणि पाकळ्यांमागचा भाग काळा. नंतरच्या वर्षांत मधला सगळा भाग काळा आणि फक्त कड उजळ अशीही आली. लोक काय करतात तर अॅनोडायझिंग काढून टाकतात आणि धातू आरशासारखा पॉलिश करतात. फोटोत मस्त दिसतं. पण मूळ चाक असं कधीच नव्हतं, आणि उघडं ॲल्युमिनियम दर थोड्या दिवसांनी परत घासावं लागतं ते वेगळंच.

दोनसीटर भाऊ, तुम्ही स्टीलवर आहात तर तुमचं आयुष्य सोपं आहे. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लागला की तो धातूच खातो. मॅग्नेशियमचं बरोबर उलट, जुनी मिनिलाइट, कॅम्पानोलो, क्रोमोडोरा अशी चाकं असली की त्यांना ॲसिड चालत नाही, कॉस्टिक एकवेळ चालतं. म्हणून जुनी चाकं स्ट्रिपिंगला देताना धातू कोणता ते देणाऱ्याला आधी माहीत हवं, नाहीतर परत येईल ते चाक राहणार नाही. मॅग्नेशियमवर तर आधी क्रोमेटची प्रक्रिया, मग रंग, उघडं ठेवलं की पांढरी भुकटी धरते.

ग्रीसगन

एवढं सगळं कशाला. पावडर कोट करा, सॅटिन सिल्व्हर आणि सॅटिन ब्लॅक दोन्ही मिळतात, दगड लागला तरी सहज टवका उडत नाही, दहा वर्षं बघायला नको. चालवायची गाडी आहे म्हणतायत ना ते.

नटबोल्ट_ताई

ग्रीसगन, स्टीलच्या चाकावर पावडर वाईट नाहीच, टिकाऊपणाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण इथे अडचण दोन रंगांची आहे. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजावी लागते, दोन रंग म्हणजे दोनदा भट्टी, मधे उष्णता सोसणारी टेप लावून मास्किंग, आणि पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉन, त्यामुळे काळ्या-रुपेरीच्या सीमेवर एक पायरी राहते, बोट फिरवलं की लागते. रोस्टाइलची सगळी शोभा त्या सीमेत आहे. शिवाय पावडरमधलं सिल्व्हर सहसा जरा प्लॅस्टिकसारखं दिसतं, दाणा वेगळा असतो. आणि सुटा टवका उडाला तर जागच्या जागी दुरुस्त करणं कठीण, थोडासा रंग लावून मिळवून घेता येत नाही.

त्यांना मधला मार्ग हवा असेल तर असं करता येतं: मागची बाजू आणि टायरखालचा भाग गंजापासून वाचवायला चांगला इपॉक्सी प्रायमर, आणि समोरचा भाग गननं रंग. इपॉक्सी भरपूर टिकतो. फक्त ॲसिडवाल्या एच (etch) प्रायमरवर इपॉक्सी मारू नका, बऱ्याच कंपन्या तो जोड चालत नाही म्हणूनच सांगतात, दोन्हीपैकी एकच निवडा. गंजाचे खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) इपॉक्सीच्या वर भरा.

दोनसीटर

दोन शंका. काळा आधी मारायचा की सिल्व्हर? आणि क्लिअरचं काय ठरलं, कारण ताई म्हणतात मूळ सिल्व्हरवर क्लिअर नव्हता, पण क्लिअर नसेल तर ते काळवंडतं असंही त्याच म्हणतात.

प्रायमर_काका

सिल्व्हर आधी. पूर्ण वाळू द्या, डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त, कारण मेटॅलिकवर घाईनं टेप लावली की टेपचा ठसा उमटतो आणि तो कशानं जात नाही. मग कप्प्याच्या कडेनं बारीक व्हिनाइलची टेप, ती वळणावर सुरकुतत नाही, साध्या कागदी टेपखालून रंग झिरपतो. बाकी भाग कागदानं झाकायचा आणि काळा मारायचा. उलटं केलं तर सिल्व्हरची धूळ काळ्यावर बसते आणि काळा कायमचा चांदणी पडल्यासारखा दिसतो. काळा अजून थोडा ओला असतानाच टेप स्वतःवर उलटी दुमडून सावकाश ओढायची, वाळल्यावर ओढली तर कड फाटते.

सॅटिन काळ्याबद्दल, वापरण्याआधी डबा नीट ढवळा, तळापर्यंत. चमक मारणारी पूड खाली बसते, न ढवळता ओतलं तर पहिलं चाक ग्लॉस आणि शेवटचं मॅट. आणि सॅटिनवर कचरा बसला तर घासून पॉलिश करायला जाऊ नका, तेवढाच ठिपका चमकायला लागतो. परत मारायचं, दुसरा उपाय नाही.

क्लिअरबद्दल माझं मत ठाम आहे, नको. जाणकार माणूस म्हणालात ना तुम्ही? तो क्लिअर आधी बघतो.

नटबोल्ट_ताई

काका, शोसाठी असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण ते गाडी चालवणार आहेत. पुढच्या डिस्क ब्रेकची धूळ म्हणजे गरम लोखंडाचे कण, उघड्या सिल्व्हरमध्ये ते रुततात, मग माणूस जोरदार व्हील क्लीनर आणतो आणि त्या क्लीनरनंच ॲल्युमिनियमचे कण काळे पडतात. मी म्हणेन पातळ सॅटिन क्लिअर, फक्त सिल्व्हरवर, काळा मारायच्या आधी. त्यानं टेपच्या ठशाची भीतीही जाते कारण टेप क्लिअरवर बसते. चमक आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर मारून स्टेपनीशी जुळवा, ग्लॉस क्लिअर आणि मॅट क्लिअर एकाच कंपनीचे असतील तर त्यांच्या चार्टप्रमाणे मिसळून हवी ती चमक काढता येते.

क्लिअर मारलेला कळतो तो ग्लॉस असतो म्हणून. सॅटिन क्लिअर जुन्या सिल्व्हरवर कोणी ओळखून दाखवावा.

प्रायमर_काका

मी ओळखेन. 😄 पण ठीक आहे, चालवायच्या गाडीला तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. फक्त एक, हार्डनरवाला टू-के क्लिअर असेल तर साधा मास्क लावून बंद खोलीत मारू नका. त्यात आयसोसायनेट असतं, वासही येत नाही आणि एकदा फुप्फुसांनी त्याची ॲलर्जी धरली की ती आयुष्यभर राहते. बाहेरची हवा देणारा मास्क असेल तरच, नाहीतर तेवढं काम बूथवाल्या पेंटरला द्या.

पाचपाकळ्या

आणि नट बसतात ती शंकूसारखी जागा आणि हबला टेकणारा मागचा सपाट भाग, इथे रंगाचा जाड थर नको. प्रायमरचा पातळ हात ठीक, बाकी मास्क करा. तिथला जाड रंग नट आवळल्यावर दबतो, नंतर थोडा थोडा चिरडत जातो आणि नट आपोआप ढिले होतात. मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर परत तपासा. बॅलन्सिंग टायर चढवल्यावर नव्यानं, आणि वजनं चिकटवणारी घ्या, ठोकून बसवायची घेतली तर नव्या रंगाच्या कडेवर पहिला ओरखडा तिथेच पडतो.

स्पोकवाला

एक विषयांतर. कोणाकडे १९७५ च्या ज्युबिली आवृत्तीची जीटी आहे का? तिला व्ही८ ची चाकं होती, सोनेरी आणि काळ्या रंगातली. त्या सोनेरीची चमक नक्की किती होती यावर माझा एका मित्राशी वाद चालू आहे, आणि स्टेपनीचा तोडगा तिथे चालत नाहीये कारण त्याची स्टेपनीसुद्धा रंगवलेली निघाली.

प्रायमर_काका

टायर काढायला सांगा, रिमच्या आतल्या वळणात बघा. आणि जुने फोटो पुरावा म्हणून आणत असेल तर मानू नका, फ्लॅश पडला की सॅटिन पण ग्लॉस दिसतं.

दोनसीटर

ठरलं मग. फाइन सिल्व्हर, त्यावर सॅटिन क्लिअर, मग कप्प्यात सॅटिन काळा, मागून इपॉक्सी. क्लिअर बूथमध्ये मारून घेतो, बाकी घरी. स्टेपनी मात्र रंगवणार नाहीये, गंज थांबवून तशीच ठेवतो, नमुना म्हणून. ग्रीसगन, राग मानू नका. पेंटरनं पत्र्याचा तुकडा मारून दिला की फोटो टाकतो, उन्हातला, फ्लॅश बंद ठेवून.

ग्रीसगन

राग कसला. पण पाचवं चाक रंगवलं नाही आणि रस्त्यात पंक्चर झालं तर तीन नवी आणि एक जुनं असं घरी यावं लागेल, तेव्हा जाणकार माणूस भेटला नाही म्हणजे मिळवली.

दोनसीटर

एक जास्तीचं रोस्टाइल शोधतोय. कोणाकडे १४ इंचाचं सुटं पडलं असेल तर कळवा, रंग कुठलाही चालेल.